माझ्या वाट्याला आलेला गेम

शी! त्या वासाची नुसती आठवण झाली तरी अजून घास खाली उतरत नाही. दसऱ्याच्या आधीची साफसफाई चालली होती. मी स्टुलावर उभी राहून माळ्यावरचं एकेक सामान खाली देत होते आणि नवरा ते घेत होता. सगळ्यात आत, जुन्या कुलरच्या मागे, हाताला एक गाठोडं लागलं. अंजिरी साडीत बांधलेलं. ओढलं, तर गाठीतून दोन झुरळं निघाली आणि माझ्या मनगटावरून सरळ कोपरापर्यंत चालत गेली. मी किंचाळले आणि गाठोडं सोडून दिलं. नवऱ्याने झेललं म्हणून ते वाचलं, नाहीतर पुढचा सगळा तमाशा झालाच नसता.

गाठोड्यात व्हिडिओ गेम होता. एक काळा डबा, दोन रिमोट, लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरींचा गुंता आणि सात-आठ सीड्या. साडीच्या घडीघडीत मोहरी सांडल्यासारख्या झुरळांच्या लेंड्या होत्या. वास असा कुबट आणि तेलकट की नवऱ्याने मान फिरवून खोकून घेतलं. मग म्हणाला, "विकायचा, ठेवायचा की टाकायचा, ते आजच ठरव. हा परत माळ्यावर जाणार नाही."

बोलायला काय जातंय त्याचं! तो डबा आणि ती साडी, एवढंच मला माहेरच्या इस्टेटीतून मिळालंय. गंमत म्हणून सांगत नाही, खरंच एवढंच.

आमचं शेत गंगापूर रोडच्या पुढे, धरणाकडे जाताना लागायचं. फुलशेती. झेंडू, शेवंती, बांधाच्या कडेला थोडे गुलाब. आईवडील, मी आणि माझ्याहून सहा वर्षांनी धाकटा भाऊ. मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असताना ऐन दसऱ्यात वडील तापाने आडवे झाले, तेव्हा चार दिवस गंगेवर झेंडूचा ढीग लावून मी बसले. गोदावरीला आम्ही नाशिकवाले गंगाच म्हणतो. तराजू धरून धरून माझा खांदा सुजला होता, आणि भाव पाडून मागणाऱ्या बायकांशी भांडून आवाज बसला होता. वडिलांनी त्यातले काही पैसे माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाले, "तुझ्या कानात काहीतरी घे."

मी कानात काही घेतलं नाही. गेम घेतला. भाऊ तेव्हा दहावीत होता. शेजारच्या बंगल्यातल्या मुलाकडे असा गेम होता. हा रोज तिथे जाऊन दारात उभा राहायचा, ते कधी खेळायला देतील याची वाट बघत. एकदा मी त्याला बोलवायला गेले तर तो चपला न काढता उंबऱ्याबाहेरून मान लांब करून टीव्ही बघत होता. आत सगळी खेळत होती आणि कुणी त्याला आत ये म्हणत नव्हतं. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, माझा भाऊ कुणाच्या दारात असा उभा राहणार नाही. मेन रोडवर सराफाची दुकानं ओलांडून पुढे गेले आणि हा डबा घेऊन घरी आले.

रिमोट दोन. त्यातला एक नंबरचा कायम त्याचा, कारण खेळ सुरू करायचा मान त्या रिमोटला. हरला की हा ताटावरून उठायचा. आई मला म्हणायची, "तू हरावं की गं जरा. तुझं काय जातंय? तो लहान हाय." मग मी हरायला शिकले. शेवटच्या वळणावर माझी गाडी मुद्दाम कठड्यावर घालायची आणि "अरेच्चा!" म्हणायचं. इतकं बेमालूम जमायला लागलं की पुढे पुढे मलाच कळेना, मी मुद्दाम हरतेय की मला जिंकताच येत नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळी अवजारं धुऊन पुजतात. विळे, फवारणीचा पंप, पाण्याची मोटार, वडिलांचा तराजू. त्या ओळीत आईने हा डबाही मांडला होता आणि त्याला हळदीकुंकू लावलं होतं. "ह्यात लाईट येती ना? मग हे बी यंत्रच," असं तिचं म्हणणं. त्या कुंकवाचा डाग अजून झाकणावर आहे. काही केल्या निघत नाही.

माझं लग्न झालं, मी देवळाली कॅम्पला आले, आणि गेम माहेरीच राहिला. नंतर वडील गेले. तोपर्यंत आमच्या शेताच्या तिन्ही बाजूंनी इमारती उठल्या होत्या आणि बिल्डर लोक भावाकडे चहा प्यायला यायला लागले होते. वडिलांचं वर्षश्राद्ध झालं आणि भावाचा फोन आला. "ताई, एक सही लागणार आहे. नुसती सही. अर्ध्या तासाचं काम."

हक्कसोड. बहिणीने वडिलांच्या जमिनीतला आपला हिस्सा भावाला सोडून दिला, असा कागद. आमच्याकडे तो सगळ्या बहिणी करतात. हक्क मागितला की माहेर तुटतं, हे मुलींना कुणी शिकवावं लागत नाही. माझ्या मावशीने हिस्सा मागितला होता. त्यानंतर आजोळच्या एकाही लग्नाची पत्रिका तिला गेली नाही, आणि माझी आजी वारली ते तिला तिसऱ्या दिवशी कळलं. ते मी डोळ्यांनी बघितलं होतं. कायद्याने मुलीला हिस्सा आहे, हेही मला ठाऊक होतं. मी अडाणी नव्हते. पण सणासुदीला जायला मला एक घर हवं होतं, आई हवी होती, भाऊ हवा होता. तर गेले.

रजिस्टर ऑफिसात अंगठा ठेवला, कॅमेऱ्याकडे बघितलं, पानापानावर सह्या केल्या. वकील म्हणाला, "ताई, एकदा वाचून घेता का?" मी बोलायच्या आत भाऊ म्हणाला, "अहो, ताई काय वाचणार त्यात? घरचंच आहे सगळं." आणि मी हसले. त्या हसण्याची मला आज इतकी किळस येते की सांगायची सोय नाही. झुरळ परवडलं.

मग भावाने मिसळ खाऊ घातली. पापड, दही, वर जिलेबी. मग साडी. सही झाली की बहिणीला साडी घ्यायची, असा रिवाज आहे. अंजिरी रंग, चकचकीत काठ, सुताचा एक धागा औषधाला नाही. घरी परत आल्यावर अंगणात उभं राहून, भावकीतल्या दोन म्हाताऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "ताई, अजून काय पाहिजे ते सांग. घरातलं काय वाट्टेल ते घेऊन जा. नाही म्हणणार नाही."

मला काय झालं कुणास ठाऊक. म्हटलं, "मग तो गेम दे."

सगळे हसले. आई पदर तोंडाला लावून म्हणाली, "सदतीस वर्षांची घोडी झाली, गेम मागती!" भावाने कपाटावरून डबा काढला, फुंकर मारली, आणि अगदी उदार मनाने माझ्या हातात दिला. माझाच गेम. माझ्या सुजलेल्या खांद्याचा. मी त्याला थँक्यू म्हटलं. घरी आल्यावर तो त्याच साडीत गुंडाळला आणि माळ्यावर टाकला. चार वर्षं मी त्याचं नाव काढलं नाही, आणि त्या चार वर्षांत झुरळांनी संसार थाटला.

तर नवऱ्याला मी म्हटलं, "विकूया." त्याने लगेच फोटो काढून जुन्या वस्तू विकायच्या साइटवर टाकले. जुन्या गेमचे शौकीन असतात म्हणे. असतात खरे, आणि एकेक नग असतात. कुणी नुसतंच "लास्ट किती?" असं लिहायचा. कुणी म्हणे चालू करून व्हिडिओ पाठवा, मग म्हणे आता बंद करून पाठवा. शेवटी नाशिकरोडहून एक जोडपं घरी आलं. त्यातल्या माणसाला लहानपणी असाच गेम हवा होता आणि मिळाला नव्हता, असं तो फार हळवा होऊन सांगत होता. झाकणावरचा कुंकवाचा डाग बघून बायकोने विचारलं, "हे रक्त आहे का?" मी म्हटलं, "नाही हो, पूजा केली होती." दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

वायरी टीव्हीला लावल्या. दिवा लागला, पडद्यावर चित्र आलं, गाणं सुरू झालं. इतक्या वर्षांनी तेच गाणं. पण मिनिटभरात डबा आतून गरम झाला, आणि बाजूच्या फटींमधून ती बाहेर यायला लागली. आधी मिशा, मग अख्खी. एक, दोन, पाच, मग मी मोजायचं सोडलं. बारकी पांढुरकी पिल्लंसुद्धा. त्या बाईने ओढणी नाकाला लावली, पाय वर घेतले आणि सोफ्यावर मांडी घालून "चला, चला, चला!" असा धोशा लावला. जिना उतरेपर्यंत तिचं "ई ई" ऐकू येत होतं. मी दारात चप्पल हातात घेऊन उभी. माहेरच्या इस्टेटीची ही शोभा!

दुसऱ्या दिवशी बाल्कनीत वर्तमानपत्र पसरून, नाकाला रुमाल बांधून डबा उघडला.  आत धूळ, केस, मेलेल्या झुरळांचे पाय, आणि कोपऱ्यात चिकटवलेल्या अंड्यांच्या तपकिरी डब्या, एकीला एक लागून. जुन्या टूथब्रशने खरवडायला घेतल्या तर त्या फुटल्या. मला दोनदा उठून मोरीत जावं लागलं. तरी घासत राहिले. स्वच्छ केल्याशिवाय विकला जाणार नव्हता, आणि आता मला तो घरातून जायलाच हवा होता. त्याच्याकडे बघितलं की मला माझा तो कॅमेऱ्यापुढचा हसरा चेहरा दिसायचा.

तेवढ्यात भावाचा फोन. माझ्या शहाण्या नवऱ्याने गेमचा फोटो व्हॉट्सॲप स्टेटसलाही टाकला होता.

"ताई, हे काय बघतोय मी? घरची वस्तू विकायला काढलीस? एका शब्दाने विचारायचं तरी!"

 मला वाटलं, मी चुकीचं ऐकतेय. जमीन गेली, विहीर गेली, गुलाबाचा बांध गेला, मला कुणी एका शब्दाने विचारलं नव्हतं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

"लोक काय म्हणतील? बहिणीला चणचण आहे म्हणतील. आणि आपल्या लहानपणची आठवण आहे गं ती. तू विकू नको, मी येतो न्यायला. हॉलमध्ये शोकेस केलंय ना, तिथे ठेवतो. बाबांच्या तराजूशेजारी मस्त दिसेल."

त्याचा बंगला मी बघितलाय. आमच्या शेवंतीच्या वाफ्यावर उभा आहे. वडिलांचा तराजू त्याने पॉलिश करून हॉलमध्ये टांगलाय आणि त्यावर पिवळे दिवे सोडलेत. पाहुणे आले की सांगतो, आम्ही मातीतली माणसं. मी त्या तराजूच्या दांडीला अजून माझ्या तळहाताचा घाम शोधते. पॉलिशखाली कसला सापडतोय!

"घेऊन जा," मी म्हटलं. "पण एक सही लागेल. नुसती सही."

तो हसला. त्याला वाटलं मी थट्टा करतेय. मलाही आधी तसंच वाटलं. पण फोन ठेवला, हात साबणाने तीनदा धुतले, आणि कपाटातून माझ्या हक्कसोडाची प्रत काढली. म्हटलं, मजकूर त्यातलाच उतरवावा, आपल्याला कुठे कायद्याची भाषा येते? आणि उतरवता यावा म्हणून मी तो कागद पहिल्यांदा वाचला. चार वर्षांनी. स्वयंपाकघरातल्या ओट्याशी उभी राहून.

त्यात लिहिलं होतं की माझं लग्न वडिलांनी थाटामाटात करून दिलं आहे आणि मला काही कमी नाही. भावाविषयीच्या प्रेमापोटी आणि आपुलकीपोटी, कोणताही मोबदला न घेता, राजीखुशीने, कुणाच्याही दडपणाशिवाय मी माझा हक्क कायमचा सोडत आहे. यापुढे मी किंवा माझी मुलंबाळं त्यावर कधीही हक्क सांगणार नाहीत, सांगितल्यास तो रद्द समजावा. आणि सगळ्यात खाली, सदर मजकूर मी वाचून, समजून, मान्य करून सही केली आहे. खाली माझी सही. वळणदार, शाळेत बक्षीस मिळालेल्या अक्षरात. मी भाजी जळेपर्यंत तिथेच उभी होते. भावाचा राग नंतर आला. आधी स्वतःचीच अशी घृणा आली की वाटलं, तोंडात बोट घालून सगळं ओकून टाकावं, ती मिसळसुद्धा.

मग मी एक कोरा कागद घेतला आणि सगळं जसंच्या तसं उतरवलं. जमिनीच्या जागी गेम लिहिला, आणि बहिणीच्या जागी भाऊ.

दसऱ्याला दुपारी भाऊ आला. आपट्याची पानं दिली, पाया पडला. झेंडूची एक पिशवी आणली होती, दरवर्षी आणतो. पूर्वी शेतातली असायची, आता बाजारातून घेतलेली. फुलं शिळी होती. ते मला फुलांच्या देठावरून कळतं, त्याला आता कळत नाही. मी श्रीखंड-पुरी वाढली. जेवण झाल्यावर घासूनपुसून ठेवलेला डबा त्याच्यापुढे ठेवला आणि त्यावर कागद आणि पेन.

"खरंच लिहिलंस की काय!" तो हसत हसत म्हणाला. पेनाचं टोपण उघडलं. आणि वाचायला लागला.

पहिल्यांदा भरभर वाचलं. मग परत वरून सुरुवात केली. मग एका ओळीखाली बोट ठेवून थांबला. हसू गेलं होतं. माझा नवरा उगाच पाण्याचा तांब्या उचलून आत घेऊन गेला.

"ताई, हे 'कायमचा' कशाला लिहिलंस? आणि 'मुलंबाळं'? माझ्या पोरांचा काय संबंध?"

"मी कुठे लिहिलंय? तुझ्याच वकिलाने लिहिलंय. मी नुसतं उतरवून काढलं."

"पण हा गेम मी न्यायचा म्हणतोय ना? मग मीच हक्क सोडला तर..."

"तू ठेव ना गेम तुझ्या घरी, मी जशी हक्क सोडूनही माहेरी येते तसा. हक्क तेवढा माझा. मी म्हणेन तेव्हा परत द्यायचा. आपण घरचेच आहोत, वाचतोस काय एवढं?"

त्याने तिसऱ्यांदा वाचलं. झुरळांनी खाल्लेल्या, बाजारात कुणी फुकट घेईना अशा डब्यासाठी माझा भाऊ ओळ न् ओळ बोटाने वाचत होता. पेन कागदाला टेकलंही नाही. शेवटी त्याने टोपण लावलं, कागदाची घडी केली आणि परत डब्यावर ठेवली.

"घरी विचारतो," तो म्हणाला. "असं एकदम कसं करता येईल?"

तो गेला. डबा ठेवून गेला. चपला घालताना माझ्याकडे बघितलंही नाही.

दिवाळी आली तरी त्याचा फोन नाही. भाऊबीजेला मी ओवाळायचं तबक करून संध्याकाळपर्यंत बसले. मग आईचा फोन आला, आतल्या खोलीतून बोलत असावी, कारण आवाज दबका होता. "कशाला गं काढला तू तो कागद? त्यानं लय मनाला लावून घेतलंय. बहिणीनं माझ्यावर इश्वास नाय ठेवला म्हणतो. असं लिहून घेतं का कुणी रक्ताच्या माणसाकडून?"

"आई," मी म्हटलं, "मी तश्शीच सही केली होती. शब्दाला शब्द तोच आहे. तू तिथेच बाकावर बसली होतीस."

तिकडे दार लोटल्याचा आवाज आला.

"तुझं येगळं होतं," ती म्हणाली.

जमिनीचा हिस्सा मागितला की माहेर तुटतं, म्हणून मी तो कधी मागितला नाही. माझंच माझ्याकडे राहू दे म्हटलं, आणि तरी तुटलं. आता नवरा विचारत नाही विकायचा की ठेवायचा. डबा टीव्हीखाली आहे, सही नसलेला कागद त्याच्याखाली. ती अंजिरी साडी फरशी पुसायला काढली, पण ती पाणीसुद्धा शोषत नाही. दुपारची कामं आवरली की मी एक नंबरचा रिमोट हातात घेऊन बसते. शेवटच्या वळणावर हात अजून आपोआप कठड्याकडे जातो, तो सरळ करावा लागतो. कितीही घासला तरी डबा गरम झाला की एखादं झुरळ निघतंच. चप्पल मी शेजारीच ठेवते.